उत्तर टाळणारी मामी

३ मार्च

मामी,

साष्टांग नमस्कार लिहिला की तू म्हणतेस, एवढी लोळण घेऊ नकोस, कपडे मळतात. म्हणून नुसताच नमस्कार.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही याला दोन कारणं. एक म्हणजे तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि मामा मागून हवामान सांगत बसतो. दुसरं, आमच्या ऑफिसात तज्ज्ञांबद्दल जे काही बोलायचं ते कागदावरच बोलायचं असा दंडक आहे.

माझं काम नक्की काय, हे तू दर भेटीत विचारतेस आणि दर भेटीत विसरतेस. पुन्हा सांगते. कोर्टात एखाद्या विषयातला जाणकार म्हणून साक्ष द्यायला जो येणार असतो, त्याला वकीलबाईंच्या आधी मी चाळून घेते. पदवी खरी का, अनुभव सांगतो तेवढा आहे का, पूर्वी कुठे साक्ष दिली, तिथे म्हणाला त्याच्या उलट आज आमच्याकडे म्हणतोय का, आणि कुठल्या न्यायाधीशाने त्याचे कान उपटलेत का. हे मी शोधलं नाही तर समोरचा वकील शोधतो, आणि तोही भर कोर्टात. ऑफिसात मला चाळणी म्हणतात. तू चोंबडी म्हणायचीस, त्यापेक्षा बढतीच आहे.

आता अडचण ऐक. आमचा पक्षकार लिफ्ट दुरुस्त करणारा आहे. एका फर्निचरच्या दुकानातली सामानाची लिफ्ट त्याने दुरुस्त केली आणि थोड्याच दिवसांत तिचा एक बोल्ट तुटला. लिफ्ट एका बाजूने खाली आली आणि दुकानदाराचा पाय तिच्याखाली चिरडला. तपासणी अधिकाऱ्याचं म्हणणं, याने बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला म्हणून तो तुटला. ते सिद्ध झालं तर हा तुरुंगात जाईल आणि पुन्हा आयुष्यात लिफ्टला हात लावू शकणार नाही. रोज येऊन आमच्या बाकावर हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसतो आणि विचारलं की एकच वाक्य बोलतो, "जेवढा आवळायचा असतो तेवढाच आवळला." या वाक्यावर कोर्ट चालत नाही. तुटलेला बोल्ट बघून त्याची कथा सांगणारं कुणीतरी हवं.

एक प्राध्यापक मिळाले होते. काय सूट, काय आवाज. परिचयपत्र एवढं जाड की खाली ठेवलं तर टेबल डुगडुगायचं थांबलं. मी चाळायला घेतलं. एका खटल्यात ते म्हणाले होते, असा तुटलेला बोल्ट म्हणजे जास्त आवळलेला बोल्ट. दुसऱ्या खटल्यात हुबेहूब तशाच बोल्टला ते म्हणाले, सैल राहिला होता. फरक एवढाच, की दोन्ही वेळा बोलावणारी बाजू वेगळी होती. वकीलबाईंनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

तू धातू तपासायच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलंस. एखादा माणूस सुचव ना, ज्याचं मत कोण बोलावतंय त्यावर ठरत नाही.

तुझी
चोंबडी


९ मार्च

चोंबडीबाईंना आशीर्वाद.

लहानपणी पाहुण्यांच्या पिशव्यांत डोकं घालायचीस म्हणून ओरडा खायचीस. त्याच गुणावर आता पगार मिळतो हे वाचून बरं वाटलं. तुझे मामा म्हणतात, त्यांनी हे तेव्हाच ओळखलं होतं. त्यांनी सगळंच तेव्हा ओळखलेलं असतं.

तुझ्या प्राध्यापकांचं मला नवल नाही. पण एक गोष्ट समजून घे, म्हणजे पुढच्याला चाळताना उपयोगी पडेल. जास्त आवळल्याने बोल्ट तुटतो तेव्हा तो एकदम तुटतो. तुटलेला भाग सगळा एकसारखा खडबडीत दिसतो आणि तुटण्याआधी बोल्ट जरासा ताणलेलाही असतो. पण आत बारीकशी भेग असेल आणि ती हळूहळू वाढत गेली असेल, तर तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा उमटतात. शेवटी उरलेला एवढासा भाग वजन पेलेनासा होतो आणि मग तुटतो. याला धातूचा थकवा म्हणतात. बोल्ट नीट भिंगाखाली धरला तर यात वादाला फार जागा राहत नाही. वाद घालणारे बहुतेक वेळा बोल्ट न बघता फोटो बघत असतात.

माणूस विचारलास. माझ्या हाताखाली एक जण होता. आम्ही त्याला टिकलू म्हणायचो, कारण कुठलाही नमुना हातात आला की आधी टिचकी मारून आवाज ऐकायचा. हुशार आहे, सरळ आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

मला स्वतःला विचारायचं तुझ्या मनात आलं असेल तर ते तिथेच राहू दे. गुडघे कुरकुरतात आणि कोर्टाच्या खुर्च्या मला मानवत नाहीत.

तुझी
मामी

ता. क. : मामाकडून. खुर्च्यांबद्दल जास्त खोलात जाऊ नकोस. हवामान उत्तम.


१७ मार्च

मामी,

टिकलू बाद.

माणूस सोन्यासारखा आहे, त्यात शंका नाही. फोनवरसुद्धा बोलताना मागे काहीतरी टिचकीचा आवाज येत होता. पण ज्या कंपनीने ती लिफ्ट बनवली, बोल्टही जिचाच, तिचा तो सध्या सल्लागार आहे. बोल्ट मुळातच सदोष होता असं निघालं तर त्याच्या मालकांच्याच अंगावर येतं, आणि लिफ्टवाल्याने जास्त आवळला असं निघालं तर मालक सुटतात. म्हणजे तो खरं बोलला तरी त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याने स्वतःच हे सांगितलं आणि अंग काढून घेतलं. मला आवडला.

फोन ठेवता ठेवता काय म्हणाला माहितीये? "बाई धडधाकट असताना तुम्ही मला कशाला विचारताय? बोल्ट वाचायला मी त्यांच्याकडे शिकलो."

आता सांग. गुडघ्यांची सबब माझ्यापुढे चालायची नाही. गेल्या खेपेला चार जिने चढून आमच्या गच्चीवर टाकी बघायला तूच गेली होतीस, मामा खाली धापा टाकत होता. मला वाटतं तुला आळस आलाय. निवृत्त माणसाला आरामखुर्ची सोडवत नाही, त्याला गुडघे म्हणायची पद्धत आहे.

लिफ्टवाला रोज येतोच आहे. काल त्याची बायको बरोबर होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "कुणी मिळालं का?" मी म्हटलं, बघतोय. तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही, आणि मलाही नाही.

तू नाही म्हणालीस तरी सवयीने तुझं नाव मी उद्या चाळणीत टाकणार आहे. बघू तर खरं, आमच्या घरात कोण कोण भानगडबाज आहे ते.

तुझी
चोंबडी


२२ मार्च

माझं नाव चाळणीत टाकू नकोस.

हे पत्र पोचेपर्यंत तू टाकलं असशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून तुला जे सापडेल ते मीच सांगते. एक निकालपत्र सापडेल. एका पुलाच्या कठड्याचा खटला होता आणि मी साक्षीला गेले होते. त्यात न्यायाधीशांनी माझ्याबद्दल लिहिलं आहे: "सदर साक्षीदार साध्या प्रश्नांचीही उत्तरे टाळते, प्रश्नाला प्रतिप्रश्न करते, आणि स्वतःच्या विषयातील प्राथमिक शब्दांचा अर्थही तिला ठाऊक नसावा असे दिसते. तिच्या साक्षीवर विसंबता येत नाही."

मला हे पाठ आहे, यावरून काय ते समज.

त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही. प्रयोगशाळेतही माझ्या अहवालावर दुसऱ्याची सही घ्यायला लागले. मी मुदतीआधी निवृत्त झाले आणि सगळ्यांना गुडघे सांगितले. तुझ्या आईलाही गुडघेच माहीत आहेत.

खरं सांगू का, मी काय टाळलं होतं ते मला आजही कळलेलं नाही. साक्ष नीट झाली असं वाटून मी त्या दिवशी घरी येताना आनंदात होते. पण कोर्ट उगाच कसं लिहील? काहीतरी चुकलंच असेल. बरीच वर्षं मी ती साक्ष मनात उलटीपालटी करून पाहिली, मग सोडून दिलं.

तेव्हा तुमच्या त्या माणसाचं माझ्यामुळे नुकसान होईल, दुसरं काही नाही. दुसरं कुणी शोधा. आळस म्हणालीस त्याचा राग नाही.

मामी


६ एप्रिल

मामी,

इतके दिवस लिहिलं नाही कारण तू नको म्हणालीस तेच करत होते.

आधी रागव, मग पुढे वाच.

निकालपत्र मिळालं, तू म्हणतेस तसंच शब्दशः. पण निकालपत्र म्हणजे कुणीतरी काढलेला अर्थ. मूळ जबानी वाचल्याशिवाय मी कुणालाच चाळणीतून वर किंवा खाली टाकत नाही, मग मामीला वेगळा न्याय कसा देऊ? त्या कोर्टाच्या रेकॉर्ड रूमला तीन खेपा घातल्या. तिथला कारकून जुनी बासनं काढताना एवढा शिंकतो की मी दर वेळी त्याच्यासाठी रुमाल घेऊन गेले. शेवटी त्यानेच तुझी जबानी शोधून दिली.

मी उभ्याउभ्याच वाचायला लागले. शपथ, नाव, शिक्षण सगळं ठीक. पुढे समोरच्या वकिलाचे प्रश्न. तुझ्यासाठी उतरवून घेतलंय.

प्रश्न : कठड्याचा तुटलेला तुकडा आपण स्वतः तपासला होता का?
उत्तर : म्हणजे काय?
प्रश्न : सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता?
उत्तर : म्हणजे काय?
प्रश्न : आपल्या निष्कर्षाची आपल्याला खात्री आहे?
उत्तर : म्हणजे काय?

मामी, मी मोठ्याने हसले. कारकुनाची शिंक अर्ध्यात थांबली. तुला विचारलं की येणार का, तू म्हणतेस म्हणजे काय. मामा विचारतो, दार लावलंस? म्हणजे काय. मी लहान असताना तुला विचारलं होतं, मी तुला आवडते का, तेव्हाही तू भांडी घासता घासता मान न वळवता "म्हणजे काय" म्हणालीस, आणि मी तेवढ्यावर खूश होऊन खेळायला गेले. ते "हा काय प्रश्न झाला, अर्थातच" असतं, हे आपल्या घरातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आवाज खाली उतरतो, मान एकदा हलते, संपलं.

पण टंकलेखकाने समोर प्रश्नचिन्ह ठोकलं. त्याचा तरी काय दोष, शब्द प्रश्नाचेच आहेत. आणि आता खरी गोष्ट ऐक, ती मला कारकुनाने दाखवली. तुझी साक्ष ज्यांनी ऐकली त्या न्यायाधीशांची मध्येच बदली झाली. निकाल लिहिला तो नंतर आलेल्यांनी. त्यांनी तुला कधी पाहिलंच नव्हतं, तुझा आवाज ऐकला नव्हता, फक्त हा कागद वाचला. कागदावर एक बाई आहे जिला सूक्ष्मदर्शक म्हणजे काय हे माहीत नाही. मीही ओळखत नसते तर मीही तिला बाद केलं असतं.

तुमच्या बाजूचे वकील गप्प का बसले तेही कळलं. तो खटला दुसऱ्याच मुद्द्यावर तुम्ही जिंकला होतात. जिंकलेला माणूस अपील करत नाही. तुझ्याबद्दलची ती दोन वाक्यं तशीच राहिली.

हसून झाल्यावर जिन्यात बसून मला रडू आलं. एवढी वर्षं तू स्वतःला तपासत बसलीस आणि तुझ्यात काही सापडलं नाही, कारण काही नव्हतंच.

आता आरामखुर्ची सोडतेस का?

तुझी
चोंबडी


१२ एप्रिल

चोंबडे,

तुझं पत्र मामांनी मोठ्याने वाचून दाखवलं. उतारा आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि एवढे हसले की शेजारची मंडळी काय झालं बघायला आली. मलाही हसू आलं. मग हसू ओसरलं आणि राग आला. कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून सगळी कपाटं आवरली. राग आला याचंच मला बरं वाटलं. इतकी वर्षं मला फक्त लाज वाटत होती.

मी येते. पण माझ्या अटी लिहून घे आणि तुझ्या वकीलबाईंना दाखव.

तू मला चाळायचं नाहीस. आपलं नातं आहे हे त्यांनी आधीच कोर्टाला सांगायचं, समोरच्याने शोधून काढायची वाट बघायची नाही. मला दुसऱ्या कुणीतरी चाळायचं, आणि तेही कडक.

फोटोंवर मी बोलणार नाही. बोल्ट माझ्या हातात हवा.

आणि बोल्ट जे सांगेल तेच मी लिहीन. ते तुमच्या माणसाला नको असलं तरी.

इकडे तुझ्या मामांनी मला शिकवणी लावली आहे. दिवसभर काहीबाही विचारतात आणि मी "हो" किंवा "नाही" एवढंच म्हणायचं. चहा हवा का? हो. पेपर वाचून झाला? नाही. काल त्यांनी विचारलं, लग्न केल्याचा पश्चात्ताप होतो का? मी जरा वेळ घेतला. तर म्हणे, बघ, टाळतेस.

मामी


३ मे

मामी,

तुझा अहवाल पोचला. त्याआधी तुझ्या चाळणीची बातमी देते. आमच्याकडे एक जण आहे, त्याला आम्ही इस्त्री म्हणतो, कारण त्याच्या हाताखालून गेलेल्या माणसाला एकही सुरकुती राहत नाही आणि अंगही भाजतं. त्याने तुझे जुने लेख, सगळे अहवाल, सगळ्या साक्षी वाचल्या. दोन परस्परविरोधी वाक्यं त्याला सापडली नाहीत आणि तो दोन दिवस उदास होता. शेवटी त्याने लिहिलं आहे: "नात्यामुळे पक्षपाताची शक्यता तपासली. साक्षीदार भाचीबद्दल फारसे बरे बोलत नाहीत. धोका कमी." जुन्या निकालपत्राची हकिगत आम्ही आपणहून कोर्टापुढे ठेवतोय, मूळ जबानीसकट.

आता अवघड भाग.

अहवालाचा पहिला भाग वाचून वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. भेग जुनी, बोल्ट घडवतानाच्या दोषातून सुरू झालेली, हळूहळू वाढलेली, बोल्ट कुठेही ताणलेला नाही, म्हणजे जास्त आवळल्याची खूण नाही. लिफ्टवाला बाकावरच होता. त्याला सांगितलं तर त्याने पिशवी छातीशी धरली.

मग वकीलबाईंनी शेवटचा परिच्छेद वाचला आणि पुन्हा खाली बसल्या. तू लिहिलंयस की भेगेचं तोंड ग्रीसखाली उघडं होतं, त्यात गंज धरलेला होता, आणि दुरुस्तीच्या वेळी बोल्ट पुसला असता तर ती दिसली असती.

मामी, हे एक वाक्य समोरच्याच्या हातात पडलं की तो म्हणणार, आवळला नसेल, पण पुसलाही नाही. आम्ही एका दाराने माणसाला बाहेर काढतोय आणि तू दुसऱ्या दाराने आत ढकलतेस.

वकीलबाईंनी मला विचारायला सांगितलं आहे, आणि मीही विचारते. तू धातूची जाणकार आहेस. दुरुस्ती करणाऱ्याला काय दिसलं असतं हा तुझा विषय आहे का? नसेल, तर ते वाक्य गाळता येईल का? अहवाल अजून दाखल झालेला नाही. कुणालाही कळणार नाही. त्या माणसाचं आणि त्याच्या बायकोचं तोंड आठवून बघ.

तुझी
चोंबडी


७ मे

चोंबडे,

तुझ्या वकीलबाईंचं अर्धं बरोबर आहे. दिव्याचा उजेड किती होता, जागा किती अडचणीची होती, हे मी पाहिलेलं नाही. म्हणून "दिसली असती" हे मी छातीठोकपणे लिहायला नको होतं. ते काढते. भेगेचं तोंड उघडं होतं आणि त्यात गंज होता, हे मात्र धातूबद्दल आहे, ते राहील. आणि कुणी मला कोर्टात विचारलं, की चांगल्या उजेडात पुसून बघितलं तर डोळ्यांना दिसेल का, तर मी हो म्हणेन, कारण मी तेच केलं आणि मला दिसली. कुणी विचारलं नाही तर आपणहून भाषण करणार नाही.

हे वकीलबाईंसाठी झालं. आता तुझ्यासाठी.

"कुणालाही कळणार नाही" असं तू लिहिलंस. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मग पाकिटावरचं अक्षर बघितलं, तुझंच आहे ना म्हणून. तुला त्या माणसाची दया आली हे मला कळतं, मलाही येते. पण तुझ्या त्या सूटवाल्या प्राध्यापकांनाही पहिल्या वेळी कुणीतरी असंच पत्र लिहिलं असेल. कुणाचं तरी तोंड आठवायला सांगितलं असेल, आणि ते तोंड खरोखरच बिचारं असेल. एका दिवसात कुणी तसं होत नाही ग.

रागावलेली नाही. सूनबाई वगैरे असतीस तर रागावले असते. तू माझ्या हाताखालची आहेस असं समजून सांगते, टिकलूला सांगायची तसं.

येताना तुझ्यासाठी लोणीरंगाची शाल आणते आहे. कोर्टात पंखे फार जोरात असतात.

मामी


२९ मे

मामी,

शाल पांघरूनच लिहितेय, पंखे इकडेही जोरातच आहेत.

तुझ्या सात तारखेच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण मला तोंड नव्हतं. ते पत्र मी वकीलबाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं, परत दिलं आणि म्हणाल्या, "त्या म्हणतात तसाच अहवाल दाखल करा." त्यानंतर दिवसभर त्या माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होत्या, त्यांनाही लागलं असावं.

साक्ष देऊन तू लगेच गाडी पकडलीस. तू एकतर पुढे नाहीतर खाली बघत होतीस, म्हणून तुझ्या आजूबाजूला काय चाललं होतं ते तुला माहीत नाही. ते सांगते आणि मग निकाल.

सरकारी वकिलांनी जुनं निकालपत्र वाचायला घेतलं तेव्हा मामा माझ्या शेजारी बसून स्वतःशीच हो, नाही, हो, नाही पुटपुटत होता. न्यायाधीशांनी मूळ जबानी मागवून घेतली आणि ते तीन प्रश्न वाचले. तू खाली बघत होतीस. ते हसले, मामी. तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलत होते. मग म्हणाले, "पुढे चला," आणि सरकारी वकिलांनी ते कागद बाजूला ठेवले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच. बोल्ट पुसून पाहिला असता तर भेग दिसली असती का. तू म्हणालीस, "चांगल्या उजेडात, हो." वकीलबाईंनी डोळे मिटले. लिफ्टवाल्याची बायको उठून बाहेर गेली. खरं सांगते, त्या क्षणी मी तुझ्यावर चिडले. एवढ्या स्पष्ट "हो"साठी मामाने तुला शिकवणी द्यायला नको होती असं वाटलं.

तू गेल्यावर लिफ्टवाल्याचा जबाब झाला. त्याला विचारलं, बोल्ट पुसला होता का? आम्ही त्याला काहीच शिकवलं नव्हतं. तो "आठवत नाही" म्हणाला असता तर कुणी काही करू शकलं नसतं. तो म्हणाला, "नाही साहेब. हात फिरवला, ग्रीस होतं, आवळला आणि निघालो."

काल निकाल लागला. जास्त आवळल्याचा आरोप पूर्ण फेटाळला. तपासणीत कसूर केली म्हणून त्याचा परवाना सहा महिने बंद. तुरुंग नाही. सहा महिन्यांनी तो पुन्हा लिफ्टला हात लावू शकेल. निकालपत्रात तुझ्याबद्दलही आहे, ते मी तुझ्यासाठी वेगळं उतरवून पाठवत नाही, कारण तू ते पाठ करशील. सारांश असा, की जी बाई बोलावणाऱ्या बाजूच्या विरुद्ध जाणारं उत्तर एवढं सरळ देते, ती बाजूने देते तेही खरंच असणार. म्हणून भेग जुनी होती हे कोर्टाने मानलं. ते गंजाचं वाक्य गाळलं असतं तर काय झालं असतं याचा मी काल दिवसभर विचार केला आणि मला तुझी आणि स्वतःची दोघींची भीती वाटली. तुझा मला फार अभिमान वाटला, हेही एकदा लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल.

संध्याकाळी लिफ्टवाला पिशवी घेऊन ऑफिसात आला. सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्यापाशी येऊन घुटमळला. त्याला काहीतरी खुपत होतं.

"एक विचारू का ताई? त्या मोठ्या बाई आपल्या बाजूच्या होत्या ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग त्यांच्या बाजूच्या?"

"त्यांच्याही नाही."

"मग कुणाच्या?"

"बोल्टच्या."

 तो इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसला, पिशवी खांद्यावर टाकली आणि दारातून म्हणाला, "त्यांना सांगा, सहा महिन्यांनी जो पहिला बोल्ट हातात येईल, तो आधी पुसेन."

तुझी
चोंबडी